उत्तरेची भिंत

कमिटीला समोरून काच हवी होती,
पुण्यात असते तशी, निळी, आभाळ दाखवणारी.
मी म्हटलं, सर, आपलं आभाळ मे महिन्यात
निळं नसतं,
ॲल्युमिनियमच्या झाकणीसारखं पांढरं असतं.
कुणी हसलं नाही. संत्रा बर्फी फिरली.

मग आठ महिने मी पूर्व-पश्चिम लांब एक इमारत
ट्रेसिंगवर काढत राहिले.
मनगटाचा घाम लागून
रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दोनदा विरघळली.
दक्षिणेला छज्जा, कपाळाशी हात धरावा तसा.
पश्चिमेला जिने, संडास, स्टोअर,
ज्यांची उन्हाबद्दल तक्रार नसते.
उत्तरेला उंच खिडक्या
आणि उजेड छताकडे परतवणारी पांढरी फळी,
म्हणजे शेवटच्या ओट्यावरच्या मुलीलाही
फ्लास्कमधला तो एका थेंबाचा गुलाबी
बटण न दाबता दिसावा.

जुन्या लॅबमध्ये भर दुपारी बारा ट्यूबलाइटी जळतात,
खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली.
"एकतीस वर्षं झाली जी," हेडाऊ म्हणाले,
"कागद मीच बदलवतो दर एप्रिलले."

मी नकाशा पसरला, जरा ऐटीतच.
उत्तरेकडून ऊन येत नाही, मी सांगितलं.
पुस्तकं सगळी थंड देशांतली, तिथं येत नसावं.

ते काही बोलले नाहीत. कपाट उघडून
सिल्व्हर नायट्रेटची एक बाटली काढली,
साध्या काचेची, तपकिरी संपल्या होत्या त्या वर्षीची,
एका कुशीवर काळवंडलेली.
"जूनमध्ये चार वाजल्यावर येते जी तिकडून.
हळूच येते, चोरावानी."

नागपूर, अक्षांश एकवीस. कर्कवृत्त त्याच्याही वर.
शाळेपासून पाठ होतं मला हे.
सात आठवडे सूर्य डोक्यावरून पलीकडे उतरतो
आणि मी त्याच्याच तोंडासमोर
खिडक्या उघडून बसले होते.

त्या रात्री उत्तरेला उभ्या पट्ट्या काढल्या,
अर्धवट उघडलेल्या वहीच्या पानांसारख्या तिरप्या.
आणि जिन्याखाली एक खोली, जिला खिडकीच नाही:
लेझरसाठी, सोडियमच्या पिवळ्या दिव्यासाठी,
हेडाऊंच्या बाटल्यांसाठी.
बारा फूट बाय दहा अंधार.

धूरकपाटांचा हिशोब अजून जुळत नाही.
थंड केलेली हवा दिवसभर गिळतात, गच्चीवर ओकतात.
निम्मी बंद ठेवा म्हटलं तर सेलोकर मॅडम म्हणतात,
मग ब्रोमीन तुम्ही हुंगा.
बरोबर आहे त्यांचं.

सव्वीस मेला, बारा वाजून गेल्यावर
पुठ्ठ्याचं मॉडेल आम्ही गच्चीवर नेलं.
मॅडम डोक्याला दुपट्टा गुंडाळून,
हेडाऊ खिशात कांदा घेऊन,
लक्समीटर हाताला चटके देत.
पट्ट्यांच्या सावल्या आखडत आखडत
पट्ट्यांतच शिरल्या.
लांब कोराडीचा धूर सरळ वर चालला होता.

हेडाऊंनी वाकून
पुठ्ठ्याच्या खिडकीला डोळा लावला,
बराच वेळ.
"दिसते जी. अंदरचं सारं दिसते."

गोंद मात्र वितळला होता.
मॉडेल उचलताना पश्चिमेची भिंत
माझ्या बोटाला चिकटून आली.