परतीचा पत्ता

सव्वातीनला पट्टा थांबला.
कॉड मासे बर्फावर तसेच, तोंडं उघडी,
आणि काट्याच्या पडद्यावर एकाच माशाचं वजन
चार कोटी किलो.
मग पडदाही काळा.

ईसाफ्यॉर्दुरच्या धक्क्यावर जानेवारीत
सूर्य डोंगराआडून डोकावत नाही,
तेव्हा रात्र कुठली नि पहाट कुठली.
मुकादम गुडब्रांदुर दर पाच मिनिटांनी दार ढकलतो,
त्याच्या बुटांबरोबर खारं पाणी आत येतं.

स्टेनवर केटिल्सदोत्तिर शांत.
मेलेल्या प्रोग्रामची स्मृती तिनं डीबगरमध्ये उघडली
आणि मला म्हणाली, वाच.

उतरंडीच्या टोकाला, शून्य क्रमांकावर,
वजन करणारं फंक्शन.
'हेच मेलं,' मी म्हणालो. 'दोष याचाच.'
'कुठे मेलं ते कळलं,' ती म्हणाली.
'फाशी देण्याआधी जरा त्याचं बिऱ्हाड बघ.'

इन्फो फ्रेम. दोनच शब्द टाइप केले.

बिऱ्हाड या पत्त्यावर.
दोनशे बाराव्या ओळीशी थबकलेलं.
हाक मारणारा हा, मागचा.
काम उरकलं की जायचं कुठं
ते आठ बाइटांत जपलेलं,
आणि येताना ज्याचं रजिस्टर उसनं घेतलं
त्यातलं जुनं मोल बाजूला ठेवलेलं,
शेजारणीची वाटी
रिकामी परत करायची नाही म्हणून ठेवावी तसं.

आमची नावंही अशीच, आडनावं नाहीत:
स्टेनवर, केटिलची मुलगी.
मी, ब्यार्तमारचा मुलगा.
कुणाच्या हाकेनं आलो एवढंच नाव सांगतं;
पुढचं विचारायचं तर एक फ्रेम मागे जायचं.

गेलो मागे.
एक: पट्टा सरकवणारं. दोन: पेटी मोजणारं.
तीनमध्ये एक चल कंपायलरनं गाळून टाकलेला,
त्याच्या जागी नुसता निरोप, की नाही.
चार: मेन, जिथून सगळे निघाले.
सगळ्यांची खाती चोख.
गुडब्रांदुर पुन्हा आला, पुन्हा गेला.

स्टेनवरनं पावतीच्या पाठीवर पॉइंटर लिहून घेतला,
ज्याच्या मागं लागून वजन करणारं मेलं होतं.
शेवटचे अंक: डी, सात, चार, शून्य.
शेजारी त्याच फ्रेमचा पत्ता:
डी, सात, सात, शून्य.
पेन्सिल दोन्हींच्या मधे फिरत राहिली.

'अरे, हा पत्ता याच्याच घरातला आहे.
याच्याच माजघराकडे
कुणीतरी परक्याचं म्हणून बोट दाखवलंय.'

'कुणी?'

'तो इथं नाही. उतरंडीत दिसतात ते
अजून घरी न गेलेले.
तो केव्हाच काम उरकून गेला,
आणि जाताना आपल्या खोलीचा पत्ता देऊन गेला.
खोली मोडली. तिथं दुसऱ्यानं संसार मांडला.'

मग उतरंड मिटून आम्ही कोड चाळला.
काट्याचं माप वाचणारं छोटं फंक्शन,
सात ओळींचं, शेवटच्या ओळीत
स्वतःच्याच स्थानिक चलाचा पत्ता परत देणारं.
नोव्हेंबरातलं. बाजूला लिहिणाऱ्याचं नाव.

तिनं नाव वाचलं.
कीबोर्ड माझ्याकडे सरकवला, कॉफी आणायला गेली.

मी जागा हाक मारणाऱ्याकडूनच मागून घेतली.
पाचला पट्टा हलला.
पहिला मासा सहा किलो दोनशे.
गुडब्रांदुर म्हणाला, हं.

संध्याकाळी टांगागाटावरच्या माझ्या जुन्या खोलीशी गेलो.
ऑक्टोबरात सोडली, कुणाला कळवलं नव्हतं.
दार एका पोलिश बाईनं उघडलं, हाताला कणीक.
माझी तीन पत्रं तिनं फळीवर जपून ठेवली होती.
'चौथं,' ती अडखळत म्हणाली, 'चौथ्याचं...'

आत जमिनीवर तिचा मुलगा बसला होता.
त्याच्या हातात, बँकेच्या शिक्क्यासकट,
एक फार नीट घडी घातलेलं विमान.