नावांची पानं

नेनच्या बंदरानं बर्फ धरला
की मासळीचा कारखाना बंद पडतो,
बोआसच्या हातांना काम उरत नाही.
याच दिवसांत तो पूर्वी प्यायचा.

आता अंधारातच उठतो.
शेगडीत स्प्रूसची दोन लाकडं सारतो
आणि ती धड पेटेपर्यंत
इनुट्टिटुटमधल्या शास्त्राचं एक पान वाचतो.
एकच.
बोट ओळीवर, ओठ हलते.

पहिल्या हिवाळ्यात वाटलं, टिकायचं नाही हे.
तोही म्हणायचा, "रोझिना, आज जाळं रिकामंच वर आलं."
तरी दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाऊन बसायचा,
सीलच्या भोकाशी बसतो तसा,
वाऱ्याला पाठ देऊन, न बोलता.
श्वासाचा बुडबुडा यायचा तेव्हा येईल.

मेंढरं त्यानं कधी पाहिली नाहीत.
अंजीर नाही, द्राक्षवेल नाही, वाळवंट तर नाहीच.
"तहान मात्र माहीत आहे," म्हणाला,
आणि पान उलटलं.

मग ती नावांची पानं आली.
अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी.
मी म्हटलं, वगळ ना, कोण वाचतं ते!
त्यानं वगळलं नाही.
ओढा ओलांडताना दगड चाचपावा
तसा एकेका नावावर पाय ठेवत गेला
आणि पान संपलं तरी थांबला नाही.
त्याच सुरात पुढे:
येरेमियासला झाला टोबियास,
टोबियासला झाला बोआस,
बोआसला

इथे अडला.

नऊ वर्षं झाली.
गाडीखालचा बर्फ फुटला, आणि त्यानंतर
ते नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.
मीसुद्धा. उशीतही नाही.

"लेवी," तो म्हणाला.
मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "लेवी,"
जेवायला हाक मारावी तशी.

केटली उतू गेली. कुणी उठलं नाही.
रडून झाल्यावर पाहिलं, तर तो हसत होता.
तोंडभर नाही.
नांगर तळाला टेकला की बोट
आपसूक वळते ना वाऱ्याकडे,
तेवढंच.

दिवस थोडे लांबले
तेव्हा पान निवासमंडपाच्या मापांचं होतं.
किती हात कापड, किती कड्या, किती खुंट्या.
तेही वाचलं त्यानं, सगळं.
मी लाकूड सारलं
आणि शेजारी बसून
खुंट्या मोजू लागले.