न्हाणीत पडली

कार्डावर रकाने आहेत.
वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पायांना सूज,
बाळाचे ठोके.
वीस वर्षांत मी एकही रिकामा सोडला नाही.
खाली ‘इतर’ म्हणून बोटभर जागा उरते,
तिथं मी लिहीत आले:
न्हाणीत पडली.

बोरीकाठच्या माझ्या चार गावांत
बाया फार पडतात.
सातव्या महिन्यात जास्त.
न्हानीमा पाय घसरना, ताई,
असं म्हणतात त्या, तेही खाली बघून नाही,
सरळ माझ्या डोळ्यांत बघून,
जशी परीक्षेला मी बसलेय.

चेतना आली वैशाखात.
पारोळ्याचं ऊन पंचेचाळीसवर
आणि ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत.
आखाजी होऊन गेली होती.
बाप मूळ म्हणून आला होता मोटारसायकलवर,
सांजोऱ्यांचा डबा घेऊन.
पोरीला प्रवास झेपायचा नाही, म्हणून त्याला परत लावलं.
डबा ठेवून घेतला.

पट्टा बांधायला मी हात मागितला.
उजवा दिला.
मी डावा मागितला.
दोन्हीकडं सारखाच येतो ना, ती म्हणाली.
सारखाच येतो, मी म्हटलं,
आणि उजव्यावर बघून घेतला.

गुरुवारी गृहभेट.
सासूनं, सिंधूबाईनं, माठातलं पाणी दिलं,
खाटेवरची चादर झटकून मला बसवलं.
बाई वाईट नाही.
म्हटलं, न्हाणी दाखवा जरा,
दगड गुळगुळीत झाला असेल तर बदलून घेऊ.
मागच्या दारी, निंबाखाली,
जुन्या लुगड्याचा आडोसा.
आत टाकी लावलेला काळा दगड, खरखरीत,
त्यावरून मुंग्यांची रांग चाललेली.
कोरडा.
या गावात नळाला पाणी नवव्या दिवशी येतं.
ती पडली आठव्या दिवशी,
सगळं गाव पारोसं असताना.

सिंधूबाई माझी नजर कुठं जाते ते बघत होती.
मग आवाज उतरवून,
जवळजवळ कौतुकानं बोलली:
पोटले हात लायेल नई त्यानी.
मना आंडोर समजदार शे.

समजदार.
म्हणजे पाठ, दंड, मांड्या.
म्हणजे हात उचलतानाही त्याला हिशेब येतो,
रागानं आंधळा बिंधळा होत नाही तो.
म्हणजे मधली टोपलीएवढी जागा घराण्याची,
ती राखायची,
आणि भोवताली उरलेली बाई
त्याची.

परत येताना, फुफाट्यात,
मला माझा जिना आठवला.
सत्त्याण्णव साली मी जिन्यावरून पडले होते.
आईनं डॉक्टरला सांगितलं, मी मान हलवली,
डॉक्टरनं लिहून घेतलं.
आमच्या घराला जिना नव्हता.

मंगळवारी चेतना एकटी आली.
मी कार्ड उघडून ‘इतर’पाशी थांबले.
काय लिहू?
कार्ड त्यांच्या पेटीत असतं, ती म्हणाली.
कार्डावर नको.

खणात एक वही होती, दोनशे पानी,
माझ्या पोराची शाळेतली, अर्धी कोरी.
पुढची भूमितीची पानं मी दुमडली.
बाहेर लसीच्या रांगेत कुणाचं तरी लेकरू रडत होतं,
दार सताड उघडं.
तिनं ते लोटलं नाही.
बाहीचे तीन हूक काढले
आणि डावा हात टेबलावर ठेवला,
तळवा वर करून,
जसा बांगड्या भरायला ठेवतात.

तारखेनं लिहा, ताई, म्हणाली.
आखाजीच्या आदल्या दिवसापासून.

मी पेन टेकवलं.

नाही, थांबा.
हळद उतरली नव्हती माझी,
तिथून लिहा.