डावी बाजू

कीर्दीत जमा डावीकडं लिहायची.
मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर एकतीस वर्षं
हाच हात चाललाय :
आलेलं डावीकडं, गेलेलं उजवीकडं,
खाली रेघ, रेघेखाली शिल्लक.
संध्याकाळी तोच हात, तोच चष्मा,
फक्त वही लिंबाच्या तालमीची.

तर परवा डावीकडं लिहिलं,
'ताहीर अत्तार, गोव्याच्या क्लबाकडून,
रुपये चार लाख दहा हजार.'
शाई वाळेपर्यंत वही मिटली नाही.
डाव्या पायाचं पोरगं.
स्टेडियमात डाव्या रेघेवरनं असं सुटायचं
की लाइनमननं झेंडा पोटाशी धरावा.
गेलं तेही डाव्याच पानावरनं.

बैठक हौद्याच्या कडेला झाली.
सासने अध्यक्ष म्हणाले,
दोन वर्षं दम धरला असता तर दहा आले असते.
बंडा मास्तर म्हणाले,
गुडघा दम धरतोय व्हय दोन वर्षं?
मागनं कोण तरी ओरडलं,
पोरं विकून गोल होत न्हाईत.
त्याच्याही मागनं,
न विकता गेल्या साली कुठं झालं रं?
मग चहा आला
आणि घोटभर सगळेच शहाणे झाले.

मला बोलायचं होतं.
सगळा ऊस कोणी गुऱ्हाळाला घालत नाही,
चार सऱ्या बेण्याला राखतात,
एवढंच म्हणायचं होतं.
पण बेण्याला आई नसते,
बेण्याला गोव्याहून फोन येत नाही.
कप विसळून ठेवले.

उजवीकडचं पान लवकर भरतं.
मिरजेचा गोलकीपर, उंच, महाग, जमिनीलगतच्या बॉलला आळशी.
इमॅन्युएल, सीझनपुरता, नायजेरियाहून.
पेठेनं आठ दिवसांत त्याचा मन्या केला,
पांढरा रस्सा वाटीनं पितो, तांबड्याला लांबनंच हात जोडतो.
त्याचं खोलीभाडं, तीन महिने.
चौदा वर्षांखालच्या पोरांचे बूट, सव्वीस जोड
(दोन जोड मापाला चुकले, बदलायचेत).
आणि तालमीचा पत्रा,
नाही, पत्रा राहिला.
पत्रा दर साली राहतो.

काल दुपारी सौदे संपल्यावर
जैबुनबी अत्तार अडतीवर आली,
काखेत कापडी पिशवी.
बारा वर्षं आमच्या शर्टांवर नंबर तीच शिवते.
उभ्या उभ्या विचारलं,
दिवाणजी, किती आलं?
सांगितलं.
माशा गुळावर बसत होत्या, उठत होत्या.
आणि आणलं काय त्यात?
वही उघडून वाचून दाखवलं, ओळीनं,
जसं शेतकऱ्याला पट्टी वाचून दाखवतो.
मन्याशी आल्यावर हसली.
बुटांशी आल्यावर म्हणाली, सव्वीस?
बरं केलंसा.
त्यानं अनवाणी खेळून अंगठ्याचं नख घालवलं हुतं,
अजून वाकडंच उगवतंय.

पिशवीतनं शर्ट काढला. अकरा नंबर.
धुतलेला, इस्त्रीचा, घडी मोडू नये असा.
उसवू का नंबर, की हाय तसा राहू दे?
कुणाला द्यायचाय त्याचं माप सांगा,
खांद्यात आत घेते.
मी म्हणालो, कमिटीला विचारून सांगतो.
जे काही ठाऊक नसतं
ते सगळं आम्ही कमिटीला विचारतो.

पायरी उतरता उतरता वळली.
शिलाईचे गेल्या सालचे नऊशे ऱ्हायल्यात,
ते लिवल्यात का?

पानं चाळली. पुढनं, मागनं.
नव्हते लिहिले.
लिहिले मग, उजवीकडं, तिच्यादेखत :
'जैबुनबी अत्तार, शिलाई, नऊशे.'
खिशातनं दिले, तिनं मोजून घेतले.

रात्री रेघ मारली. शिल्लक बरोबर आली.
तरी परत एकदा बेरीज केली,
या वेळी खालून वर.