तेल नको

सावद्याला, माझ्या घड्याळाच्या टेबलावर
द्वारकाबाई भिरूड चेंडू ठेवतात.
"कावून घरघरतो रे? फिरत तर नाही."

चाळीस वर्षं खापरावर मांडे टाकलेलं मनगट;
प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हा व्यायाम दिला.

कडं उघडतो.
आतल्या चाकाचा आस एका अंगानं झिजलेला,
खाचेत काळा चिकटा.
"तेल घातलं?"
"शिलाई मशीनचं. रोज."

तिथंच चुकलं, मावशी.
याला घासू द्यावं लागतं थोडं,
खाचेला धरूनच वेग घेतो हा.

स्पिरिटनं पुसतो. चाक उलटं बसवतो.
दोरी गुंडाळून
हिसका.

मांडा हातावर वाढवावा
तसं मनगट वळतं त्यांचं,
टेबलावरचे बारके स्क्रू थरथरू लागतात.

थांबवायचा कसा
हे त्या विचारत नाहीत.