प्रकरण एकोणीस

हत्तरकी सर दर गुरुवारी येतात,
रेक्झिनच्या पिशवीत कादंबरीचे कागद
आणि माझ्यासाठी कधीमधी दोन पेरू.
अक्षर असं, की ओळ संपता संपता खाली घसरते.
मी टाइप करते. पानाला अठ्ठावीस रुपये,
जोडाक्षरांचे वेगळे नाहीत.

साखर पेठेतला आमचा छापखाना तसा बिलबुकांचा,
चादरवाल्यांच्या, टॉवेलवाल्यांच्या.
लग्नसराईत पत्रिका: तीन भाषांत एकच मुहूर्त,
कानडीत एक अक्षर चुकलं
की अख्खं घर दारात.
प्रेमकथा पहिल्यांदाच आली.

नायिका खोटं बोलते.
पहिल्या पानावर वय, चौथ्यावर गाव,
सातव्यावर त्याला सांगते, मला पोहता येतं.
"तुला नाही आवडायची ती," सर म्हणाले.
"मी वाचत नाही सर, फक्त टाइप मारते."

(हे एक.)

उमाकांत टॉवेल विकतो, पार हैदराबादपर्यंत.
रात्री फोन करतो, "काय करलालीस?"
एम.ए.चा अभ्यास, मी म्हणते.
समोर कुणाच्या तरी बारशाचं कार्ड,
त्यातला पाळणा
मी डावीकडून मध्ये सरकवत असते.

आईला मराठी येत नाही, असंही सांगितलंय.
आई विड्या वळते. हजाराचा हिशेब मराठीत,
मुकादमाशी भांडण मराठीत,
शिव्या तर फक्त मराठीतच.
पण ती त्याच्याशी बोलली असती
तर दुसऱ्याच वाक्यात सिरसिला आलं असतं.
सिरसिल्यातलं ते घर, अकरा महिने,
आणि पहाटे मी एकटीनं पकडलेली बस.

ते अकरा महिने मी त्याला
नांदेडच्या मावशीकडे घालवून दाखवलेत.
मावशीला एक दुखणंही दिलं, गुडघ्यांचं.
तो अजून विचारतो,
मावशींचे गुडघे कसे आहेत?
तेव्हा इतकं प्रेम दाटून येतं
की मी तिला थोडी बरी करते.

प्रकरण एकोणीस.
सरांनी तिला सिद्धेश्वर तलावाकाठी उभं केलंय
आणि ती सगळं सांगते. साडेचार पानं.
हुंदके, पदर, मी तुझ्या लायक नाही.
तो क्षमा करतो. गार वारा सुटतो.
सोलापुरात. मे महिन्यात. दुपारी तीनला.

मी हात थांबवले.
खोटं बोलणारी बाई खरं असं नाही सांगत.
खरं अगदी ओठाशी आलं
की ती विचारते, तुमच्याकडे पाणी कधी येतं,
चार दिवसांनी का पाच?
मग चपलेचा अंगठा बघते, तुटलाय का.
मग त्याचा फोन वाजतो.

ती साडेचार पानं मी टाइप केलीच नाहीत.
त्याजागी तीन ओळी घातल्या:

तिनं डबा उघडला, कडक भाकरी मोडली.
"चटणी तू कुटलीस?" त्यानं विचारलं.
"मीच," ती म्हणाली.

चटणी नवी पेठेतली विकतची,
हे तेराव्या प्रकरणात आलंय.
ज्याच्या लक्षात असेल त्याच्या असेल.

गुरुवारी सरांनी प्रूफ वाचलं,
चष्मा कपाळावर, बराच वेळ.
"हे मी लिहिलंय?"
"तुमचंच आहे सर."
त्यांनी एक स्वल्पविराम वाढवला
आणि खाली सही केली.
त्या दिवशी पेरू तीन होते.

पुस्तक उमाकांतनं पूर्ण किमतीत घेतलं,
आत बारीक अक्षरात माझं नाव आहे म्हणून:
अक्षरजुळणी, श्रीलता येमूल.
कंबर तलावाच्या कट्ट्यावर तो वाचत बसला,
मी शेंगा सोलत.
"सिरसिल्याला नवं गिऱ्हाईक लागलंय," तो म्हणाला,
"सोमवारी चाललोय."
मग एकोणिसाव्यात बोट घालून
पुस्तक मिटलं.
"शेवटी सांगते का गं ती त्याला?"

तो पाण्याकडे बघत होता.
शेंगेत तीन दाणे निघाले, एक किडका.
"मी कुठं वाचलंय," म्हटलं.

"हं," तो म्हणाला.
"आणि मावशींचे गुडघे?"

"बरे झाले," मी म्हटलं.
"आता कुठंही येते ती चालत."