क्रियापद राहिलं

स्पॅनिश मी पोटासाठी शिकले.
मिहानमधली रात्रपाळी, कानाला हेडफोन,
साता समुद्रापलीकडच्या कुणाचं मोडलेलं ढोपर, कुणाचा अडलेला विमा.
धरमपेठेतल्या क्लासात सर म्हणाले, भाषा काही नुसती बिलांची नसते,
आणि मे महिन्यात, कूलरच्या ओल्या वाळ्यापाशी बसून
आठशे वर्षांपूर्वीचं एक वीरकाव्य काढलं.

त्याला पहिलं पानच नाही.
कुणी फाडलं की कसरीनं खाल्लं, कोण सांगणार.
त्यामुळे गोष्ट थेट रडण्यापासून सुरू होते.
राजानं हाकललेला एक सरदार घर मागे टाकून निघालाय.
दाढी अशी, की पुढे तो ती दोरीनं बांधून ठेवतो,
कुणी हात घालू नये म्हणून.
त्याचं नावही परक्यांच्या भाषेतलं: माझे मालक.
प्रत्येक ओळीच्या मधोमध एक फट,
गाणाऱ्याला श्वास घ्यायला.
तिथे थांबा, सर म्हणाले. आम्ही थांबायचो.
बाहेर शेहेचाळीस डिग्री.

मग तो एका शहरात येतो.
सगळी दारं बंद. राजाचं फर्मान आहे:
आसरा देईल त्याचं घर जाईल, डोळे जातील.
तो रिकिबीतून पाय काढून दाराला लाथ घालतो.
दार उघडत नाही.
पुढे येते एक नऊ वर्षांची पोर
आणि सांगते

वाचायची पाळी माझी होती.
फटीत थांबले ती थांबलेच.

तांडापेठ. पोळ्याचा दुसरा दिवस.
सारी वस्ती मारबत पाहायला गेलेली,
आमच्याच घराला आतून कडी.
गिरणीच्या फाटकावर कागद लागला होता:
निखारेशी बोलेल त्याचं नाव हजेरीतून कटेल.
डोमाजीकाका निखारे. मॅनेजर त्यांना चिडवायला 'सरदार' म्हणायचा,
मग सगळेच म्हणायला लागले, न चिडवता.
संप मिटल्याशिवाय वस्तरा नाही, असं बोलून बसलेले;
लुनावर दाढी उडायची,
म्हणून तिला चाळीस नंबरच्या सुताची गाठ.

बाबा मागच्या खोलीत, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून,
हातात धोटा, फेकत नव्हते.
आईनं मला पुढे ढकललं. मी खिडकीतून म्हटलं,
"काका, बाबा घरी नाहीत. तुम्ही जा.
दार उघडलं तं बाबाचं नाव कटते, आई म्हणते."

आई म्हणते, हेसुद्धा सांगून टाकलं मी.

काका थोडा वेळ कान देऊन उभे राहिले.
बंद माग ऐकू येतो, विणणाऱ्याला.
मग म्हणाले, "बरं, बाई. येतो."
आपल्यात जातो म्हणत नाहीत.

पुढचं मी ऐकलेलं.
इतवारीत त्यांनी कुलूपबंद ट्रंक गहाण टाकली म्हणे,
चाळीस घरांची चूल त्यावर पंधरा दिवस पेटली,
आणि सावकारानं उघडली तेव्हा आत कन्हानची रेती.
सर म्हणाले, अहो, रेतीच्या पेट्या याही काव्यात आहेत.
मी विचारलं, मग कुणी कुणाचं घेतलं?
सर चष्मा पुसत बसले.
त्या वीराचं प्रेत घोड्यावर बांधून लढाई जिंकली, ते मात्र यात नाही,
ते मागाहून आलं. लोकांना पुरलं नाही, म्हणाले, म्हणून वाढवलं.

डोमाजीकाका मेयोत गेले, नाकात नळी.
कुणी कशावर बांधलं नाही.
तांडापेठेत मात्र सांगतात, गिरणीचं भंगार लिलावात निघालं त्या सकाळी
फाटकाशी त्यांची लुना उभी होती, चालू, बिनमाणसाची.
तिच्यात पेट्रोल कुणी टाकलं, हे मी विचारत नाही.

घरचा अभ्यास होता: त्या पोरीचं वाक्य मराठीत आणा.
मी कर्ता लिहिला, दार लिहिलं, राजाचं भय लिहिलं,
आणि मधे फट सोडली.
वही परत आली. फटीभोवती लाल गोल,
शेजारी सरांचं बारीक अक्षर:
क्रियापद राहिलं.